अर्धलीचे भोपळे

शादीखान्याचं शटर वर गेलं तसा आतून कोंदट, आंबूस वास आला आणि माझे यजमान गौस उंबऱ्यातच थबकले. हॉलभर भोपळे रचले होते. एरवी जिथं बिर्याणीच्या पंगती बसतात तिथं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भोपळे, स्टेजवर एकावर एक चढवलेले भोपळे, नवरदेवाच्या लाल मखमली खुर्चीवरही भोपळे. गौसनी खालच्या थरातला एक ओढून काढला, पालथा केला आणि बोटाच्या पेरानं त्याच्यावर टकटक केली. चांगला वाळलेला भोपळा असा वाजवला की खणखणीत उत्तर देतो. यानं काही उत्तर दिलं नाही. त्याच्या पाठीवर तळहाताएवढा काळा डाग होता.

"काय केलं यांना?" गौसनी विचारलं.

मागं आमच्या जमातीच्या बिनव्याजी सोसायटीचे खजिनदार कुतबुद्दीन मुल्ला उभे होते. कोरोनाची तिसरी लाट ओसरली होती, लोक तोंडं उघडी टाकून बाजारात फिरायला लागले होते, पण मुल्लासाहेबांच्या तोंडावर अजून एकावर एक दोन मास्क होते.

"क्वारंटाईन केले," ते म्हणाले. "बाहेरगावचा माल. ट्रकचा ड्रायव्हर खोकत होता. द्राक्षबागेचा पंप मागून आणला, सगळ्यांवर हायपोचं जंतुनाशक फवारलं आणि शटर लावून घेतलं. चौदा दिवस कुणाला आत सोडलं नाही."

ही गोष्ट आता मी सांगते तेव्हा ऐकणारे पोट धरून हसतात, आणि मीही हसते. त्या सकाळी मला हसू आलं नाही. गौस मिरजेत राहणार की पुण्याला खोकी उचलायला जाणार, हे त्या भोपळ्यांवर ठरायचं होतं.

आमच्या गल्लीत तंबोरे बनतात. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांपासून हाच धंदा. तंबोऱ्याचा जीव म्हणजे भोपळा, आणि तो वर्षातून एकदाच मिळतो. भीमेकाठचे शेतकरी हे कडू भोपळे खास आमच्यासाठी पिकवतात, वाळवतात, आणि फाल्गुनाच्या आसपास ज्यानं माल उचलला त्याचं वर्ष निघालं. ज्यानं नाही उचलला त्यानं वर्षभर बसून जुन्या तंबोऱ्यांच्या तारा बदलायच्या. कोरोनाच्या दोन वर्षांत मैफली बंद, गाण्याचे क्लास बंद. कुणी नवा तंबोरा घेईना. मी तंबोऱ्यांच्या गवसण्या, म्हणजे कापडी खोळी, शिवते. तंबोरेच नाहीत तर गवसण्या कुणाला घालायच्या? मग मी त्याच कापडाचे मास्क शिवले, फुलाफुलांचे, आत कापूस भरलेले. घेणाऱ्या बायका म्हणायच्या, "मैमुनाभाभी, रोग राहू दे, हवाबी आत येईना झाली."

गौसचा चुलतभाऊ पुण्यात एका कुरिअरच्या गोदामात मुकादम होता. त्यानं जागा बघून ठेवली होती. यंदा भोपळे झाले तर ठीक, नाहीतर येतो, असा शब्द गौसनी त्याला दिला होता. पन्नाशीला आलेला माणूस. भोपळा नुसता हातात घेऊन तो मर्दानी सुराचा की जनानी, हे सांगणारा. तो तिथं खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवणार, या विचारानं माझ्या घशाखाली भाकरी उतरत नव्हती. मी त्यांना तसं बोलून दाखवलं नाही, कारण त्यांच्याही उतरत नव्हती.

भोपळ्यांना पैसे हवे होते. बँकेत जायचं तर व्याज आलं, आणि आमच्या घरात व्याजाचं नाव निघत नाही. राहिली सोसायटी.

या सोसायटीबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं. तिची रीत अशी, की ती कुणाला पैसे उसने देत नसे. तुम्हाला शिलाई मशीन हवं, तर सोसायटी ते विकत घेणार, त्यावर आपला नफा ठरवणार आणि तुम्हाला हप्त्यांनी विकणार. व्याज हराम, व्यापार हलाल. निदान कागदावर तरी. खरं म्हणजे मशीन आपणच दुकानातून उचलून आणायचं आणि सोसायटीला बिल नेऊन द्यायचं. सोसायटीनं मशीनला हातसुद्धा लावलेला नसे. गौसनी लाकूड कापायचं मशीन असंच घेतलं होतं. लॉकडाऊनमध्ये त्याचे हप्ते थांबवता आले असते; कुणी दारात येऊन बसत नव्हतं. पण जमातीचं देणं ठेवून जुम्म्याला मशिदीत जायचं कसं? माझे सोन्याचे बिलवर विकून आम्ही हप्ते भरले. आमच्यासारखे बरेच होते. कुणी गळ्यातलं विकलं, कुणी रिक्षा.

त्यानंतर सोसायटीची वार्षिक सभा झाली. तिथून गौस घरी आले ते बुचकळ्यात पडूनच. रिवाजाप्रमाणे पेढ्यांची खोकी आणून ठेवली होती. चेअरमन बंदेनवाज चाचांनी अहवाल वाचायला घेतला, इतक्या कठीण वर्षातही सोसायटीला नफा झाल्याचं वाचलं, मधेच थांबले, चष्मा काढून पुसत बसले आणि पुढचं मुल्लासाहेबांना वाचायला सांगितलं. सभा संपल्यावर पेढे कुणाला वाटू दिले नाहीत. सगळी खोकी सरकारी दवाखान्यात पाठवून दिली. लोक म्हणाले, चाचांना साखर झाली असेल. मी म्हणाले, म्हातारपणी माणूस चिक्कू होतो.

चाचा रेल्वेतून निवृत्त झालेले, स्वभावानं शांत, आणि एकदा मनात काही घेतलं की न सोडणारे. लॉकडाऊनमध्ये लोक घरी केक करायला शिकले, चाचा मोबाईलवर इस्लामी अर्थकारणाची व्याख्यानं ऐकायला शिकले. कानात वायरी घालून ओट्यावर बसायचे. आपल्याच सोसायटीला त्यांनी फिरून तपासायला घेतलं आहे, असा बोभाटा झाला. गौस भोपळ्यांसाठी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते म्हणाले, नफा घ्यायचा तर आधी माल आपला झाला पाहिजे. खराखुरा आपला, आपल्या छपराखाली, आपल्या जोखमीवर. यापुढं बिलावर भागणार नाही. सोसायटी भोपळे स्वतः विकत घेईल, ताब्यात ठेवेल आणि मग तुला विकेल.

गौसनी होकार दिला, करारावर सही केली, आणि सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदा सोसायटीचा माल सोसायटीच्या दारात, जमातीच्या शादीखान्यात उतरला. उतरवून घ्यायला मुल्लासाहेब होते. त्यांचा धाकटा भाऊ दुसऱ्या लाटेत गेलेला. शेवटचं बघायलाही मिळालं नव्हतं. तेव्हापासून ते घरात आलेली कोथिंबीरसुद्धा साबणाच्या पाण्यातून काढायचे. मग भोपळे कसे काय सुटणार?

त्या सकाळी चाचाही शादीखान्यात आले होते. गौस एकेक भोपळा वाजवत गेले. वरच्या थरातले बरे होते. खालचे, जिथं फवारलेलं पाणी झिरपून साठलं होतं, ते बुरशीनं काळे पडले होते, काही देठाशी मऊ झाले होते. नुसती टकटक चालली होती. शेवटी गौस हात झटकून उभे राहिले आणि म्हणाले की उन्हात घालून, खरवडून बघता येईल. किती जगतील सांगता येत नाही. निम्मे जगले तरी खूप.

मुल्लासाहेबांनी खिशातून कराराची घडी काढली. त्यांचा आवाज पडलेला होता, पण खजिनदाराचा धर्म त्यांनी सोडला नाही. सही झालेली आहे, म्हणाले. आज माल गौसच्या ताब्यात जाणार, पुढच्या महिन्यापासून हप्ता.

"माल आपल्या ताब्यात असताना नासला, कुतबुद्दीन," चाचा म्हणाले. "व्यापारी आपण. तोटा आपला."

"मग गौसनी माल नाकारावा. तसा त्याला हक्क आहे."

"नाकारतो," गौस म्हणाले. "नाकारून काय करू? दुसरे भोपळे कुठून आणू? शेतकऱ्यांचा माल संपला."

 घ्यावेत तर कुजलेल्या मालाचे हप्ते, आणि विकायला आता माझ्याकडे बिलवरही नव्हते. न घ्यावेत तर पुणे. तोंड आवरणं मला कधी जमलं नाही. मी म्हणाले, "मुल्लासाहेब, मागच्या वेळी मशीन आमचं होतं, कोरोना आमचा होता आणि नफा तेवढा तुमचा होता. आता फवारणीपण आमची का?"

मुल्लासाहेब लालबुंद झाले. मास्कच्या वर दिसत होतं तेवढं सगळं लाल झालं. ते माझ्याशी बोलले नाहीत, चाचांकडे वळले.

"लोकांच्या ठेवी आहेत आपल्याकडं. विकायचं नाही, हप्ता घ्यायचा नाही, मग करायचं तरी काय? शेळीगत अर्धलीनं द्यायचे काय भोपळे?"

त्यांनी ते टोमणा म्हणून मारलं होतं. पण चाचांनी तो शब्द धरला. चाचांनी मखमली खुर्चीवरचे भोपळे उचलून खाली ठेवले आणि नवरदेवाच्या जागेवर स्वतः बसले.

आमच्याकडे शेळी अर्धलीनं देतात हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. शेळी एकाची, चारणारा दुसरा. करडं झाली की निम्मी निम्मी. शेळी मेली तर मालकाची मेली, चारणाऱ्याची मेहनत गेली. कुणी कुणाकडं काही मागत नाही. चाचांच्या आईनं विधवा झाल्यावर दुसऱ्यांच्या शेळ्या अर्धलीनं राखून त्यांना शिकवलं होतं.

"म्हण परत, कुतबुद्दीन," चाचा म्हणाले.

"काय?"

"आता जे बोललास ते."

मुल्लासाहेब परत म्हणायला तयार नव्हते. आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. चाचा आपल्याशीच बोलल्यासारखे बोलत राहिले. दोन वर्षं कानात वायरी घालून ऐकलं, म्हणाले, भांडवल एकाचं, मेहनत दुसऱ्याची, नफा वाटून, तोटा ज्याचा त्याला. मोठमोठी अरबी नावं आहेत त्याला. मी समजत होतो हे कुठंतरी दुबईत चालत असेल. अम्मी तर आमच्या परड्यात करत होती.

करार तिथंच फाडला गेला. भोपळे सोसायटीचे, कसब गौसचं. लाकूड, तारा, लाखेचा चपडा यांचा खर्च आणि भोपळ्यांची किंमत वजा जाऊन जे उरेल ते निम्मं निम्मं. जे भोपळे वाया जातील ते सोसायटीचे वाया गेले, त्यावर गौसनी केलेली मेहनत गौसची वाया गेली. मुल्लासाहेबांनी सही केली, पण अशी की कागद फाटतो की काय असं वाटलं.

त्यानंतरचं वर्ष आमच्या कारखान्यानं कधी बघितलं नव्हतं असं गेलं. पहिले काही आठवडे भोपळे गच्चीवर उन्हात होते. उन्ह फिरलं की भोपळे फिरवायचे. ते काम मुल्लासाहेबांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं. रोज दुपारी जोहरची नमाज झाली की जिना चढून यायचे आणि एकेका भोपळ्याला पाळण्यातल्या पोरासारखं कुशीवर वळवायचे. एक दिवस बघते तर मास्क खिशात. मी त्यांना ताक दिलं. ते म्हणाले, भाभी, त्या दिवशीचं मनात धरू नका. मी म्हणाले, धरलंय, पण ताक प्या.

कमिटीतले बाकीचेही येऊन बसायला लागले. आधी त्यांच्यातला कुणी भेटला की पहिला प्रश्न हप्त्याचा असायचा. आता विचारायचे, दांडी बसली का, खुंट्या कुठल्या लाकडाच्या, आणि पहिल्या तंबोऱ्याला तारा चढल्या त्या दिवशी तर चौघं जण जमिनीवर मांडी घालून बसले. गौस जवारी काढत होते, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून सूर उघडत होते. त्या भोपळ्याच्या पाठीवरचा काळा डाग चपड्याच्या रंगाखाली गेला होता, तरी ठाऊक असणाऱ्याला दिसायचा. सूर लागला. भरून आला. चाचांनी डोळे मिटले. मुल्लासाहेबांनी हळूच विचारलं, हा कुठला, वरच्या थरातला की खालच्या? खालच्या, गौसनी सांगितलं. मुल्लासाहेबांनी अल्लाचे आभार मानले.

पण सगळेच काही असे निघाले नाहीत. बरेच भोपळे खरवडताना हातात फुटले. तयार झालेल्यांना गिऱ्हाईक हळूहळू आलं, आणि आलं ते भाव पाडत आलं, कारण गाणाऱ्यांचीही दोन वर्षं उपाशीच गेली होती. हिशेब झाला तेव्हा भोपळ्यांत घातलेले सोसायटीचे पैसेही पुरते परत आले नव्हते. थोडेच कमी, पण कमी. गौसच्या हाताला काही लागलं नाही. घर माझ्या शिवणावर आणि त्यांच्या दुरुस्तीच्या कामांवर चाललं.

गौस मला म्हणाले, "डोक्यावर देणं नाही, एवढं तरी बरं झालं." आणि पुण्याला जायला कपाटावरची बॅग खाली काढली.

वार्षिक सभेला ते गेले नाहीत. सोसायटीला इतक्या वर्षांत पहिला तोटा दिला तो आपण, कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणाले. मी गेले. त्याच वर्षी बायकांना सभासद करून घ्यायला सुरुवात झाली होती आणि मी पहिल्या झपाट्यात नाव घातलं होतं. त्याच शादीखान्यात सभा होती. मी बायकांच्या बाजूला मागच्या खुर्चीत बसले. टेबलावर पेढ्यांची खोकी दिसली. मनात म्हटलं, ही आता दवाखान्यात जाणार.

चाचांनी अहवाल वाचला. इतर व्यवहार, इतर नफे, आणि शेवटी तंबोऱ्यांच्या अर्धलीत तोटा. तो आकडा त्यांनी दोनदा वाचला, कुणाला ऐकू आलं नसेल तर म्हणून. मागून कुणीतरी विचारलं, याला जबाबदार कोण? मी पदराचं टोक मुठीत धरलं.

चाचांनी उत्तर द्यायच्या आधी खोक्याचा दोरा सोडला.

"मागं या जागेवर मी नफा वाचून दाखवला होता," ते म्हणाले. "त्या वर्षी गावात एक घर असं नव्हतं जिथलं काही गेलं नाही. कुणाचा धंदा गेला, कुणाचं माणूस गेलं. कुतबुद्दीनचा भाऊ गेला. आणि आपल्याला नफा. आपण व्याज खाल्लं नाही, हे खरं. पण सगळं गाव बुडत होतं तेव्हा आपण काठावर उभं राहून हप्ते घेत होतो. वाचता वाचता मला लाज वाटली, म्हणून पेढे वाटले नाहीत. आज गौसचं जेवढं बुडालं तेवढं आपलंही बुडालं. आज वाटा."

 मग मुल्लासाहेब उठले. मला वाटलं, आता हे ठेवीदारांचं काढणार. त्यांनी ठेवीदारांचंच काढलं. ठेवीदारांना विचारून, ज्यांची तयारी आहे त्यांच्याच पैशातून, येत्या फाल्गुनात पुन्हा भोपळे घ्यावेत असा ठराव त्यांनी मांडला. अर्धलीनंच. कुणीतरी विचारलं, आणि फवारणी? सगळा हॉल हसला. मुल्लासाहेबही हसले. पंप परत करून आलोय, म्हणाले, आणि यंदा माल बघून घ्यायला मी स्वतः गौसबरोबर भीमेवर जाणार.

ठराव मंजूर झाला. पेढे वाटत चाचा स्वतः बायकांच्या बाजूला आले. माझ्यापुढं खोकं धरलं तेव्हा माझा हात वर होईना. डोळे भरून आले होते आणि ते मला लपवता येत नव्हते.

"चाचा, आमच्यामुळं सोसायटीला तोटा झाला," मी म्हणाले.

"तुमच्यामुळं कुठला? तुमच्यासंगं झाला," चाचा म्हणाले. "घे बेटी."

मी घेतला आणि रुमालात बांधला. घरी आले तर गौस बॅगेत कपडे भरून, वर हत्यारांची पिशवी ठेवावी की ठेवू नये, या विचारात बसले होते. मी पेढा मोडून निम्मा त्यांच्या हातावर ठेवला.

"कशाचा?" त्यांनी विचारलं.

"तोट्याचा," मी म्हणाले. "खाऊन घ्या आणि बॅग रिकामी करा. फाल्गुनात परत अर्धलीनं भोपळे घ्यायचेत, मुल्लासाहेब भीमेवर यायचेत तुमच्यासंगं, तेव्हा ती बॅग लागेल."